तिसऱ्या गोणीचा हिशेब

कपाशीला एकरी दोन गोण्या युरिया टाकला तर उतारा बरा आणि तिसरी टाकली तर त्याहून बरा, हे गणित जालना जिल्ह्यात भोकरदनपासून परतूरपर्यंत सर्रास मांडले जाते. त्यामागे अनुभव आहे. तिसरी गोणी पडली की आठवड्यात रान काळपट हिरवे होते, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. अनुभव खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. नत्र कसे, केव्हा आणि कुठे दिले यावर उत्पादन ठरते, गोण्यांच्या संख्येवर नाही. तिसरी गोणी बहुतेक वेळा पिकाच्या पोटात जातच नाही. पहिल्या दोन गोण्या देण्याच्या पद्धतीत जी गळती होते, ती भरून काढण्यात ती खर्ची पडते.

या गणितातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. मराठवाड्याच्या जमिनी नत्राला गरीब आहेत. बहुतेक माती परीक्षणांत उपलब्ध नत्र कमी, सेंद्रिय कर्ब कमी आणि पालाश भरपूर असे चित्र दिसते. नत्राशिवाय हरितद्रव्य बनत नाही, प्रथिने बनत नाहीत, पान मोठे होत नाही. संकरित वाणांची भूकही देशी वाणांपेक्षा मोठी असते. हे जालन्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिको स्थापन केली आणि संकरित बियाण्याच्या धंद्यात जालन्याचे नाव देशभर झाले. तेव्हा नत्र द्यायचेच आहे. दिलेल्यातले पिकाला किती पोचते, एवढाच वाद आहे. विल्यम रॉन आणि गॉर्डन जॉन्सन या शास्त्रज्ञांनी १९९९ साली जगभरातल्या तृणधान्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दिलेल्या नत्रापैकी सुमारे ३३ टक्केच दाण्यात उतरते असे दिसले. उरलेल्यातले काही ताटात आणि मातीत राहते, बरेचसे हवेत आणि पाण्यात जाते.

काळ्या रानात नत्र कसे उडते

युरियात ४६ टक्के नत्र असते, पण झाड ते युरियाच्या रूपात फारसे घेत नाही. मातीतले युरिएज नावाचे विकर युरियाचे विघटन करून त्याचे अमोनियम कार्बोनेट बनवते. उष्ण, ओलसर मातीत हे काम दोन ते चार दिवसांत बरेचसे उरकते. त्या काळात दाण्याभोवतीच्या मातीचा सामू चढतो आणि अमोनियमचा काही भाग अमोनिया वायू होतो. हे मातीच्या आत घडले तर वायू वर येईपर्यंत चिकणमातीच्या कणांना पुन्हा चिकटतो. पृष्ठभागावर घडले तर तो सरळ हवेत जातो. जालन्याची माती चुनखडीयुक्त आहे, तिचा सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास असतो. म्हणजे अमोनिया उडण्यासाठी लागणारा विम्लपणा इथे आधीपासूनच तयार आहे. अशा मातीवर उघडा टाकलेला युरिया प्रतिकूल हवेत एक-तृतीयांशापर्यंत, कधी त्याहूनही अधिक उडतो.

जुलैअखेरचे कपाशीचे रान पाहिले तर हे कसे घडते ते कळते. दोन दिवस भुरभुर झालेली असते, माती वरून ओली असते. ओटीत युरिया घेऊन मजूर बायका सरीने चालतात आणि झाडाच्या बुडाशी मुठीने पांढरे दाणे टाकत जातात. संध्याकाळपर्यंत दाणे ओलाव्याने विरघळतात, सकाळी दिसतही नाहीत. खत जमिनीत गेले असे वाटते. प्रत्यक्षात ते वरच्या अर्ध्या इंचात मुरलेले असते. पुढे चार दिवस उघडीप, ऊन आणि वारा. युरिया विरघळायला थोडी ओल पुरते, खाली उतरायला मात्र १२ ते १५ मिलिमीटरचा पाऊस लागतो. ओली माती, वर खत आणि पुढे उघडीप, हा नत्र गमावण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. आणि "ओल आहे तोवर खत टाकून घ्या" हाच सल्ला गावोगाव दिला जातो.

याच काळ्या मातीत एक मोठा गुणही आहे. तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती धनभारित अमोनियमला घट्ट धरून ठेवते. तोच युरिया पाच ते सात सेंटिमीटर खोल गेला आणि त्यावर माती पडली, तर हीच जमीन नत्राचे कोठार होते. वर टाकले तर गमवायचे आणि खाली गाडले तर साठवायचे, असा हा सरळ भेद आहे.

आता तिसऱ्या गोणीचा हिशेब करता येतो. ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. उघड्यावर टाकल्याने एक-तृतीयांश उडाले असे धरले, तर तीन गोण्यांतल्या ६२ किलोंपैकी ४१ किलो जमिनीत राहते. नीट गाडलेल्या दोन गोण्यांत नेमके तेवढेच नत्र असते. शेतकऱ्याला तिसऱ्या गोणीचा फरक दिसतो, कारण त्याच्या दोन गोण्या प्रत्यक्षात सव्वा-दीडच उरलेल्या असतात. हे खताचे कमीपण नाही, पद्धतीचे आहे.

यावर एक उत्तर हमखास येते. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निमलेपित आहे, मग तो उडेल कसा? निंबोळी तेलाचा लेप मुख्यतः पुढचा टप्पा लांबवतो. अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचे काम तो मंद करतो, त्यामुळे नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जाणे कमी होते. अमोनिया वायू होऊन उडण्याला तो भरवशाचा अटकाव नाही. उलट नत्र जास्त काळ अमोनियमच्या रूपात राहिले आणि ते पृष्ठभागावरच असले, तर उडायला जास्त अवधी मिळतो. लेप उपयोगाचा आहे, पण तो गाडलेल्या खताला.

केव्हा द्यावे

दुसरा गैरसमज वेळेचा आहे. "पीक लहान आहे तोवर दाबून द्या, पुढे पाऊस असो नसो" हा विचार कोरडवाहू शेतकऱ्याच्या भीतीतून येतो, आणि ती भीती खोटी नाही. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ६०० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना जालन्याने पाहिल्या आहेत. तरीही कपाशीच्या बाबतीत हा विचार तोट्याचा आहे. पहिल्या महिन्यात कपाशीचे रोप फार थोडे नत्र उचलते. तिची मोठी उचल पाते लागण्यापासून बोंडे भरेपर्यंत असते. सुरुवातीलाच सगळे दिले तर मुळे पोचण्याआधी ते मातीतून निसटते, आणि जेवढे राहते त्यावर कपाशी माजते. फांद्या आणि पाने वाढतात, फुलोरा लांबतो, दाटीमुळे आत ऊन जात नाही, पातेगळ वाढते. लुसलुशीत पानांवर मावा, तुडतुडे आणि फुलकिडे तुटून पडतात. कीटकनाशकाची जी एक फवारणी वाढते, तिचे बिल तिसऱ्या गोणीच्या खात्यात कोणी मांडत नाही. हंगामही लांबतो. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली राज्यभर जो धडा दिला, त्यानंतर हंगाम लांबवणारी कोणतीही पद्धत परवडणारी नाही.

याच चुकीचे दुसरे टोक ऑक्टोबरमध्ये दिसते. बोंडे भरू लागतात, ती पानांतले नत्र ओढून घेतात, जमिनीतले संपलेले असते. पानांच्या कडा लाल होतात, मग सगळे पान लाल होऊन गळते. हा लाल्या. त्यामागे मॅग्नेशियमची कमतरता, ओलीचा ताण आणि रात्रीचा गारवा हीही कारणे आहेत, पण ऐन गरजेच्या वेळी नत्र न मिळणे हे त्यातले मुख्य कारण. जूनमध्ये दाबून टाकलेल्या रानात ऑक्टोबरमध्ये लाल्या यावा, याहून पद्धतीच्या चुकीचा वेगळा पुरावा नको.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत कोरडवाहू बीटी कपाशीला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ६० किलो पालाश सांगितले आहे. नत्राचा ४० टक्के भाग पेरणीला आणि उरलेला दोन सारख्या हप्त्यांत एका आणि दोन महिन्यांनी द्यायचा असतो. स्फुरद डीएपीतून दिले तर त्याबरोबर साडेतेवीस किलो नत्र येते. राहिलेल्यासाठी हेक्टरी सुमारे २१० किलो, म्हणजे एकरी ८५ किलो युरिया लागतो. पेरणीला साधारण २१ किलो आणि पुढे दोनदा ३२-३२ किलो. दोन गोण्याही पुऱ्या होत नाहीत.

झडीच्या पावसाचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस झड लागली की काळ्या रानात पाणी साचते, मातीतली हवा संपते आणि जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात. नत्र वायू होऊन निघून जाते. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. पीक पिवळे पडते आणि त्या पिवळेपणावर लगेच युरिया फेकला जातो. ज्या मुळांना श्वास घेता येत नाही, ती खत उचलू शकत नाहीत. आधी चर काढून पाणी बाहेर घालवावे, दोन टक्के युरियाची फवारणी करून पिकाला तात्पुरता आधार द्यावा, आणि वाफसा आल्यावरच जमिनीतून हप्ता द्यावा, हा क्रम आहे.

सोयाबीनला गोणी कशाला?

कपाशीच्या सवयीने सोयाबीनलाही महिन्याच्या आत युरियाची गोणी टाकली जाऊ लागली आहे. इथे तर गोणी-उताऱ्याचे गणित पूर्ण उलटे पडते. एक टन सोयाबीन दाणे तयार होताना पीक सुमारे ८० किलो नत्र उचलते. एकरी आठ क्विंटलच्या पिकाला ६४ किलो. त्यातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतून मिळवून देतात. जमिनीत नायट्रेट भरपूर झाले की झाड गाठींना अन्न पुरवणे कमी करते आणि गाठी मंदावतात. म्हणजे वीस किलो नत्राची गोणी टाकून तीस-पस्तीस किलो फुकट देणारा कारखाना बंद पाडायचा. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची आहे आणि तेही पेरणीबरोबर, गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला आधार म्हणून. ४० दिवसांचे रोप मुळासकट हळूच उपटून एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली तर कारखाना चालू आहे, युरियाची गरज नाही. पांढरी किंवा हिरवट निघाली तर पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियम लावण्याची गरज आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या वाणांनी मराठवाड्यात नाव कमावलेली तूर आणि रब्बीतला हरभरा, यांनाही हाच नियम लागू आहे.

ओलिताच्या पिकांत नियम थोडा बदलतो, आणि तो बदल समजला की मूळ तत्त्व पक्के होते. गव्हाला मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, युरिया फेकून लगेच पाणी दिले तर पाणीच तो खाली नेते. तिथे फेकणे चुकीचे ठरत नाही. आधी पाणी देऊन मग ओल्या रानावर फेकणे चुकीचे आहे, आणि सोय म्हणून तेच जास्त केले जाते. ठिबकावर तर प्रश्नच सुटतो. कडवंची गावाने पाणलोटाच्या कामानंतर द्राक्षबागा उभ्या केल्या. तशा बागांत किंवा भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीत नत्र पाण्याबरोबर थोडे थोडे, मुळांच्या टापूत पोचवता येते. खत तेच असते, फक्त पोचण्याची वाट बदललेली असते.

स्वस्त गोणी, छोटी बाटली

तिसऱ्या गोणीचे समर्थन शेवटी किमतीवर येऊन थांबते. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, वाया गेली तर काय मोठेसे? ही किंमत खरी नाही, उरलेली किंमत सरकारी तिजोरीतून जाते. २०१० साली पोषणद्रव्याधारित अनुदान आले तेव्हा स्फुरद-पालाशच्या खतांच्या किमती मोकळ्या झाल्या, युरियाची बांधलेलीच राहिली. तेव्हापासून स्वस्त म्हणून नत्र वाढते आणि महाग म्हणून बाकीचे कमी पडते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून चालवलेल्या दीर्घकालीन प्रयोगांत नुसते नत्र मिळालेल्या वाफ्यांचे उत्पादन वर्षागणिक घसरले, तर नत्र, स्फुरद, पालाश आणि शेणखत एकत्र मिळालेले वाफे टिकून राहिले. वाया गेलेले नत्र नाहीसेही होत नाही, त्यातले काही विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत बुलढाणा आणि बीड आहेत. दोन्ही जालन्याचे शेजारी आहेत.

याच्या उलट टोकाचा दावा नॅनो युरियाचा आहे. २०२१ साली आलेली अर्ध्या लिटरची बाटली एका गोणीची जागा घेईल असे सांगण्यात आले. चार टक्क्यांच्या त्या बाटलीत २० ग्रॅम नत्र असते, गोणीत २०.७ किलो. गोणीतले दोन-तृतीयांश वाया गेले तरी सात किलो उरते. बाटलीतला थेंब न् थेंब पानात गेला तरी तो २० ग्रॅमच. नंतर आलेल्या २० टक्क्यांच्या बाटलीतही ते शंभर ग्रॅमच्या आसपासच भरते. एकरी २०० लिटर पाण्यात साधा युरिया दोन टक्क्यांनी फवारला तर १८४० ग्रॅम नत्र पडते. उत्पादकांच्या चाचण्यांत सरासरी आठ टक्के वाढीचा दावा आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या शेतप्रयोगात मात्र नेहमीचे नत्र कमी करून त्या जागी नॅनो युरिया दिल्यावर भाताचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २० टक्क्यांच्या आसपास घटले. पद्धत सुधारणे म्हणजे पिकाची गरज नाकारणे नव्हे.

रासायनिक नत्र पूर्ण बंद करा, हा सल्लाही याच कसोटीवर टिकत नाही. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे टनाला पाच किलो. कपाशीचे १२० किलो त्यातून भागवायचे तर हेक्टरी २४ टन शेणखत लागेल. गोठे रिकामे होत असताना एवढे खत येणार कुठून? शेणखत हवेच, पण ते जमिनीचा कर्ब आणि दिलेले नत्र धरून ठेवण्याची ताकद वाढवते म्हणून. हेक्टरी पाच टन शेणखत, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला आणि न जाळता कुट्टी करून जिरवलेली पऱ्हाटी यांच्या जोडीने मोजका युरिया जास्त काम करतो.

राहिला मजुरीचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. खत गाडायला माणसे कुठून आणायची? यासाठी वेगळी माणसे लागतच नाहीत. पेरणीचा हप्ता दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा रुंद वरंबा सरी यंत्राने बियाण्याबरोबर, पण बियाण्यापासून वेगळा पेरता येतो. पुढच्या हप्त्यांना कोळपणीची जोड आहे. कपाशीत दोन-तीन कोळपण्या होतातच. बहुतेक ठिकाणी आधी कोळपतात आणि मग खत टाकतात. हा क्रम उलटा केला, वाफशावर झाडापासून चार-पाच बोटे दूर ओळीने खत टाकले आणि त्याच दिवशी मागून कोळपे चालवले, की माती दाण्यांवर पडते. मजुरी तीच, बैल तेच, कोळपे तेच. फक्त खत आधी आणि कोळपे मागून.

शेतकऱ्याने चुकीचे गणित मांडले, कारण त्याला "किती" एवढेच सांगितले गेले. दुकानातला सल्ला गोण्यांत असतो, शिफारशीचा तक्ता किलोत असतो. "कसे" हा रकाना दोन्हीकडे कोरा राहतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि कृषी विभागाने प्रत्येक गावात एकाच रानात दोन पट्टे दाखवावेत. एका पट्ट्यात तीन गोण्या उघड्यावर आणि दुसऱ्यात दोन गोण्या, तीन हप्त्यांत, कोळप्याखाली. दोन्हींची वेचणी वेगळी मोजावी आणि फवारणीचा खर्चही वेगळा लिहावा. शेतकऱ्याने तेवढी वाटही पाहण्याची गरज नाही. येत्या खरिपात एका एकरात खत आधी आणि कोळपे मागून करून पाहावे, आणि तिसरी गोणी घरीच ठेवावी.